समुद्र आऊट ऑफ सिलॅबस

अहमदपूरला मामाच्या घरी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, चिवड्याची प्लेट मांडीवर घेऊन मी मामेबहिणीची परीक्षा घेत होतो.

"टिनोफोरा."

"फक्त समुद्रात. आठ कंगव्यांच्या रांगा, त्यावर पोहतात. दोन थरांचं शरीर. पचन पेशीच्या आत पण, बाहेर पण. अंधारात उजेड पाडतात. नर-मादी वेगळे नाहीत. प्लुरोब्रॅकिया, टीनोप्लाना. पुढं?"

अकरा सेकंद. मी मोबाइलवर घड्याळ लावलं होतं.

"दिसतं कसं पण ते?"

तिनं वहीच्या मागच्या पानावर एक गोल काढला, त्यात उभ्या रेघा, खाली दोन शेपट्या. लेबलंसुद्धा दिली, पट्टीनं रेघ मारून.

"तसं नाही गं. खरंखुरं कसं दिसतं?"

"दादा, ते विचारत नाहीत."

बाईसाहेब एकोणीस वर्षांच्या. बारावी झाली, 'नीट' एकदा दिली, परत दिली, आता लातूरला हॉस्टेलवर राहून तिसऱ्यांदा द्यायची तयारी. लातुरात अशा मुलांना रिपीटर म्हणतात, आणि त्या शब्दात काही वाईट आहे असं तिथं कुणालाच वाटत नाही. जगातल्या कुठल्याही प्राण्याचा वर्ग, संघ, हृदयाचे कप्पे तिला झोपेतून उठवून विचारा. फक्त एक गोष्ट तिनं कधी केली नव्हती. तिनं समुद्र बघितला नव्हता.

आता तुम्ही हसाल. दर तिसऱ्या वीकेंडला अलिबाग नाहीतर गोवा करणाऱ्या पब्लिकला समुद्र न बघितलेला माणूस म्हणजे एलियनच. पण जरा नकाशा काढा. नांदेडला गोदावरी आहे, लातूरजवळून मांजरा जाते, ती पुढे गोदावरीलाच मिळते, आणि हे सगळं पाणी आपल्या कोकणाकडे पाठ करून पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. आमच्या नद्यासुद्धा ज्या समुद्राला जातात तो आमच्या राज्यात नाही! मी स्वतः एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला, मास कॉमला पुण्याला आल्यावर. त्याआधी होस्टेलच्या रूमवर दिवेआगरच्या गप्पा चालायच्या तेव्हा मी "हो, मस्त आहे बीच" असं ठोकून दिलं होतं. नंतर सगळ्यांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा लाट पायाखालची वाळू ओढून नेते हे मला माहीत नव्हतं. मी दचकून मागे पडलो आणि ते एका मित्रानं बरोब्बर बघितलं. तो काही बोलला नाही, पण अजूनही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

तर ठरलं. बाईसाहेबांना टिनोफोरा दाखवायचा. पुस्तकातला नाही, पाण्यातला.

एकच रस्ता

मामांना पटवणं सगळ्यात अवघड. "आता भाऊबीज झाली की क्लास सुरू व्हायलेत, आन् तू हिला समुद्रावर न्यायलास?" मी म्हटलं, मामा, एज्युकेशनल टूर आहे, बायोलॉजीची. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पण एक क्लासवालाच आहे आणि आता फी सांगणार. शेवटी मामीनं मध्यस्थी केली. "जाऊ द्या की. चार दिसांनी काय डॉक्टरकी पळून जायली का?" धपाटे, शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळी असा डबा बांधून झाला. म्हणजे परवानगी.

ही गोष्ट बहुतेक नांदेडकरांनाही माहीत नसते की आपल्या दारावरून जाणारा हायवे थेट समुद्राला जातो. नागपूर-रत्नागिरी महामार्ग. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. एकही वळण चुकायची सोय नाही. लातूरपासून साधारण पाचशे किलोमीटर. मित्राची वॅगनआर मागून घेतली. (टाकी फुल करून परत द्यायची या अटीवर. मैत्री आपल्या जागी.)

लातूरला हॉस्टेलवरून तिचे कपडे आणि, तिनं काही ऐकलं नाही, नोट्सची एक बॅग घ्यायची होती. म्हणून गंजगोलाईत थांबलो. ज्यांनी गंजगोलाई बघितली नाही त्यांच्यासाठी: ही लातूरची नाभी. मधे गोलाकार बाजार, आत जगदंबेचं देऊळ, आणि चारी बाजूंनी सोळा रस्ते येऊन इथं मिळतात. सोन्याची ओळ वेगळी, कापडाची वेगळी, भांड्यांची वेगळी. १९१७ मध्ये आखलेली ही गोलाई आजच्या कुठल्याही टाऊन प्लॅनरला लाजवेल. आता त्यात ट्रॅफिकची जी खिचडी होते ती सोडा.

"हे बघ," मी चहा पीत तिला म्हटलं, "मधून बघितलं तर सगळीकडे सारखं. रेडियल सिमेट्री."

"टिनोफोरात आठ असतात. हे सोळा."

"मग निम्मी गंजगोलाई समज."

ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदा.

लातूर म्हटलं की बाहेरच्यांना दोनच गोष्टी आठवतात, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि 'लातूर पॅटर्न'. पॅटर्नची गंमत अशी की तो शिकवण्याचा कमी आणि घासण्याचा जास्त. परत परत पेपर, परत परत उजळणी, प्रश्न बघताच हात उत्तराकडे जायला पाहिजे. मी टीका करत नाही. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एसटी कंडक्टरच्या पोरांना मेडिकलचं दार उघडून देणारी दुसरी किल्ली मराठवाड्यात नव्हती आणि ही किल्ली चालली. नांदेडलाही आता भाग्यनगर, श्यामनगरकडे तेच चित्र आहे. सकाळी सहाला सायकली, रात्री दहाला सायकली. देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं ही एक परीक्षा देतात. त्या गर्दीत 'टिनोफोरा दिसतो कसा' हा प्रश्न खरंच चैनीचा आहे. मला ते कळतं. तरी पण.

काचेची गोटी

आधी थोडं या प्राण्याबद्दल, कारण तुमच्यातल्या नव्वद टक्के लोकांनी (मीही आत्ताआत्तापर्यंत) हे नाव अकरावीनंतर ऐकलेलं नसणार. इंग्रजीत त्यांना कोम्ब जेली म्हणतात. मी माझ्यापुरतं 'कंगवाजेली' म्हणतो. बाईसाहेबांचं म्हणणं 'फणी' जास्त बरोबर, कारण दात बारीक असतात. आजीची उवांची फणी आठवा.

जेलीफिशचे हे चुलतभाऊ वाटतात, पण तसे नाहीत. जेलीफिश छत्रीसारखी उघडझाप करत पोहते, आणि डंख मारते. कंगवाजेली डंख मारत नाही. तिच्या दोऱ्यांवर चिकट पेशी असतात, पाण्यातले बारीक जीव त्याला चिकटतात, आणि मग ती दोरी तोंडाकडे ओढून घेते. पोहण्यासाठी अंगावर आठ उभ्या रांगा. प्रत्येक रांगेत हजारो सूक्ष्म केस बुडाशी एकत्र जुळून झालेले छोटे छोटे कंगवे, एकामागोमाग एक हलणारे, शेतातल्या ज्वारीवरून वारा जावा तसे. केसांच्या जोरावर पोहणाऱ्या जगातल्या प्राण्यांत हे सगळ्यात मोठे. साधारण दोनशे जाती माहीत आहेत, सगळ्या खाऱ्या पाण्यात.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. गोड्या पाण्यात टिनोफोरा नाही, पण जेलीफिश आहे, आणि तीही आपल्याकडे! मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१२ च्या सुमारास सह्याद्रीतल्या, सातारा भागातल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधून काढली. तोपर्यंत तसली जेलीफिश फक्त आफ्रिकेत आहे असं मानलं जायचं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेवरून रोज बाईक नेणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? म्हणजे समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्री वाटणारा प्राणी डोंगरात सापडला. आणि आम्ही डोंगरसुद्धा धड नसलेल्या मुलखातून समुद्राकडे निघालो होतो.

कंगवाजेलीची सगळ्यात सॉलिड गोष्ट तिच्या वयाची. प्राण्यांच्या घराण्यात सगळ्यात आधी वेगळी झालेली शाखा कुठली, यावर शास्त्रज्ञांची बरीच वर्षं हाणामारी चालू आहे. पूर्वी उत्तर ठरलेलं होतं, स्पंज. मग २०१३ आणि २०१४ मध्ये दोन कंगवाजेलींचे जीनोम वाचून झाले, त्यातला एक आपल्या प्लुरोब्रॅकियाचा, आणि गणित बिघडलं. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासानं गुणसूत्रांवर जनुकं कुठल्या गटात बसली आहेत ते ताडून पाहिलं आणि कौल कंगवाजेलीच्या बाजूनं दिला. म्हणजे साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वी एका बाजूला हिचे पूर्वज गेले, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. स्पंज, शंख, झुरळ, बैल, तुम्ही, मी. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण तिचं मज्जातंतूंचं जाळं बाकीच्यांपेक्षा इतकं निराळं आहे की तिनं ते स्वतंत्रपणे बनवलं असावं असं मानणारेही आहेत.

आणि २०२४ ची बातमी तर भन्नाट. अटलांटिकमधल्या नेमिऑप्सिस नावाच्या कंगवाजेलीच्या दोन जखमी नमुन्यांना शेजारी शेजारी ठेवलं तर ते एका रात्रीत एकजीव झाले. एकाला टोचलं की दोघंही दचकायचे. एकाच्या तोंडातलं अन्न दुसऱ्याच्या पोटात.

हे मी सांगोल्याजवळ गाडी चालवता चालवता सांगितलं तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "आमच्या रूमवर तिघींचं तसंच झालंय. एकीचे मार्क कमी आले की तिघीबी जेवत नाहीत."

मांडवी, संध्याकाळ

रत्नागिरीत पोचायला रात्र झाली. आंबा घाटात धुकं, हातखंब्यानंतर झोप. समुद्र पहिल्यांदा दिसला तो सकाळी, भाट्याच्या पुलावरून. मी मुद्दाम काही बोललो नाही. तिनं काच खाली केली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे संपत कुठं नाही का?" मग लगेच, "वास कसला यायला?"

वाळूवर गेल्यावर लाट आली, पायाखालची वाळू सरकली, आणि ती दचकून माझ्या दंडाला लटकली. मला आधीच सांगायला हवं होतं. विसरलो असं नाही. सांगितलं असतं तर तिला कळलं नसतं.

पहिला दिवस मात्र फुकट गेला. प्लवकांवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीनं मला फोनवर टिप्स दिल्या होत्या. पावसाळा संपल्यावर समुद्र निवळतो, तेव्हा शोधा. लाटा आपटतात तिथं नाही, कारण एवढं नाजूक अंग तिथं फाटून जातं. जेटीच्या आडोशाला, भरती चढताना, ऊन तिरकं असताना. स्टीलच्या भांड्यात अजिबात बघू नका, काहीही दिसणार नाही. पारदर्शक बाटली, मागे काळं कापड. आम्ही सगळं केलं. मिळाल्या त्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वाळूवर मरून पडलेली एक जेलीफिश, नारळातल्या मलईच्या गोळ्यासारखी. बाईसाहेबांनी वाकून तिचा संघ, वर्ग वगैरे सांगितला आणि नाक दाबून सरळ झाल्या.

दुपारी झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघितलं. १९५८ पासूनचं हे केंद्र, आता कोकण कृषी विद्यापीठाकडे. देवमाशाचा सांगाडा आहे तिथं, त्यापुढं उभं राहून ती पहिल्यांदा गप्प झाली. टाक्यांमधले मासे बघताना मात्र एकेका पाटीपुढे थांबून लिहून घेत होती. मी म्हटलं, हे येत नाही परीक्षेत. "माहीत आहे," म्हणाली, आणि लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर. भेळ, फोटो, फुगे, फॅमिली पब्लिक. जेटीच्या बाजूला एक म्हातारेसे मच्छीमार काका जाळं झटकत होते. आम्ही तासभर पाण्यात बाटली बुडवून परत काढतो आहोत हे त्यांनी बघितलं असणार. "काय हरवलं काय?" मी सांगितलं, पारदर्शक, एवढंसं, गोटीसारखं, आठ रेघा असतात. त्यांनी आम्ही कुठल्या गावचे ते विचारलं. लातूर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर महाराष्ट्रभर बघितलं आहे. "पाण्याची ट्रेन गेली होती ते?" हो, तेच.

काकांनी जाळ्याची एक बाजू उचलून उन्हाकडे धरली. धाग्यांमध्ये दवाचे थेंब अडकावेत तसे चार-पाच थेंब होते. एक त्यांनी बोटानं अलगद आमच्या बाटलीत ढकलला. "हे काय, ढिगानं येतात. खायचं नाही, विकायचं नाही. जाळं बुळबुळीत करतात नुसतं."

बाटलीत काहीच नव्हतं. खरं सांगतो, रिकामी बाटली. मग तिनं तिची काळी ओढणी बाटलीमागे धरली आणि मी बाटली जराशी वळवली.

भिजलेल्या साबुदाण्याहून मोठं, खेळायच्या गोटीहून लहान. काचेचं. आणि त्या काचेवरून वरून खाली रंगांच्या आठ रेघा पळत होत्या. लाल, हिरवा, निळा, जांभळा, सीडी उन्हात धरली की पळतात तशा. हा तिचा स्वतःचा उजेड नाही. कंगवे हलतात, त्यावर पडलेलं ऊन फाकतं आणि रंग दिसतात. सीडीवरही तेच होतं. खालच्या बाजूनं दोन दोऱ्या सुटल्या, आधी केसाएवढ्या, मग लांब, मग आणखी लांब, पार बाटलीच्या तळापर्यंत, आणि त्यांना कडेनं बारीक झालर. मग एकदम दोन्ही आत. पुन्हा बाहेर.

बाईसाहेब मोजत होत्या. बोट काचेवर. "सहा... सात... थांब, फिरायलंय ते... आठ." मग पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाल्या, "दोनच दोऱ्या हायत."

"हो. पुस्तकात पण दोनच काढल्यास की."

"तसं नाही. दोनच असतील तर सगळीकडून सारखं कुठं झालं? ह्या बाजूनं बघ आणि ह्या बाजूनं बघ. गंजगोलाई नाहीच ही."

मला उत्तर येत नव्हतं. ओळखीच्या मुलीला फोटो आणि प्रश्न दोन्ही पाठवले. तिचं उत्तर आलं: प्लुरोब्रॅकियाच, नेमकी प्रजाती फोटोवरून सांगणार नाही. आणि तुझ्या बहिणीला सांग, बरोबर पकडलंस. याला पूर्ण अरीय सममिती म्हणत नाहीत, द्विअरीय म्हणतात. दोन दोऱ्यांमुळेच.

बाईसाहेबांनी तो मेसेज तीनदा वाचला.

दिवे बंद

आता एकच गोष्ट राहिली होती. उजेड. पुस्तकात ठळक लिहिलंय की टिनोफोरा अंधारात चमकतात. जेटीवरचे दिवे लागले म्हणून आम्ही बाटली घेऊन किनाऱ्यावर लांब, अंधारात जाऊन बसलो. पंधरा मिनिटं डोळे सरावू दिले. बाटली हळूच हलवली. काही नाही. पुन्हा हलवली. नाही. समुद्रसुद्धा त्या रात्री साधा काळा होता. शेवटी पुन्हा फोन. पलीकडून हसू आलं. म्हणे, बहुतेक कंगवाजेली चमकतात, खरं आहे. पण प्लुरोब्रॅकिया चमकत नाही. १९९५ मध्येच दोन शास्त्रज्ञांनी नीट तपासून तसं दाखवून दिलंय.

मी फोन ठेवला. बाईसाहेब अंधारात बसल्या होत्या, फक्त आवाज आला.

"म्हणजे पुस्तकात उजेड पाडतात असं दिलंय, आणि त्याच्याच खाली उदाहरण ह्याचं दिलंय. जो पाडत नाही त्याचं."

"हो."

"मग विचारलं तर टिक कशाला करायची?"

"पुस्तकात आहे त्याला."

"आणि हे?"

"हे खरं आहे."

बाटलीतली कंगवाजेली आता दिसत नव्हती, पण असणार. बाटलीतलं पाणी तापलं की ती टिकत नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून जेटीच्या पायऱ्यांवरून खाली उतरून बाटली पाण्यात आडवी धरली. कधी गेली ते कळलं नाही. असल्या पाहुण्याला निरोप देता येत नाही.

मग तिथंच पायरीवर बसून तिनं विचारलं, "दादा, हे काम करणारे लोक कोण असतात? त्यांना पगार असतो का?" मी सांगितलं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासून. मत्स्य महाविद्यालय इथंच रत्नागिरीत आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पुढे. पगार असतो, पण ओळखीची मुलगी कितीतरी वर्षं एका प्रोजेक्टवरून दुसऱ्या प्रोजेक्टवर उड्या मारते आहे हेही सांगितलं. खोटं कशाला. आमच्या घरात बी.एस्सी. या शब्दाचा अर्थ 'मेडिकलला लागली नाही' असा आहे. माझ्या मास कॉमचा अर्थ दहा वर्षांत 'पेपरात काहीतरी करतो' एवढ्यावर आलाय, त्यामुळे माझा सल्ला घरात फार जड पडत नाही.

"मला तिसऱ्यांदा द्यायची का नाही ते मला कळेना गेलंय," ती म्हणाली. "दोनदा सारखेच मार्क आलेत. अप्पांना मी अजून बोलले नाही."

मी काय बोलणार होतो? देऊ नको म्हणणं सोपं होतं, मला फी भरायची नव्हती. दे म्हणणंही सोपं होतं, मला जागायचं नव्हतं. मी म्हटलं, भेळ खायची का. खाल्ली.

एक लिटर

परतीच्या दिवशी गाडीत बसताना बघतो तर तिच्या हातात ती बाटली, पुन्हा भरलेली. "रूमवर दाखवायला." त्यात काही नाही, नुसतं पाणी आहे म्हटलं. "तेच तर. पाणी दाखवायला."

मिरजेत चहाला थांबलो तेव्हा रेल्वेचं यार्ड लांबून दिसत होतं. एप्रिल २०१६ मध्ये इथूनच लातूरला पाण्याची ट्रेन सुटली होती. १२ एप्रिलला पहाटे पहिली पोचली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी धावायला लागली, एका फेरीत २५ लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटर रेल्वेनं, गोडं पाणी. त्या आधीच्या महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. बाईसाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. "मावशीकडं जाताना आम्ही आमचं पाणी आमचं घेऊन जायचो," तिनं सांगितलं. "मिठाईच्या डब्याऐवजी कॅन." मग मांडीवरच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

सोलापूरनंतर तिनं नोट्सची बॅग उघडली. मी आरशातून बघितलं. टिनोफोराच्या पानावर तिनं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, पुस्तकातल्या ओळीवर काट न मारता, बाजूला.

रात्री साडेदहाला हॉस्टेलसमोर सोडलं. नांदेडला पोचायला मला एक वाजला. सकाळी अकराला तिचा फोन. रूममधल्या तिघी, शेजारच्या रूममधल्या चौघी आणि मुखेडची एक नवीन पोरगी, सगळ्यांनी झाकणानं एक एक घोट घेऊन बघितला. एकूण आठ जणींपैकी समुद्र बघितलेली एक निघाली, तीही शाळेच्या सहलीत, बसमधून.

"मुखेडवालीनं तर थुंकूनच दिलं," बाईसाहेब हसत सांगत होत्या. "म्हणली, एवढं खारट असतंय व्हय! आन् मग तोंड धुवायला पळाली, तर नळाला आज पाणीच नव्हतं."